तडकलेली दाढ आणि लातूरचा दवाखाना : दहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

मागच्या वर्षी नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या खाताना एक गणंग उजवीकडच्या खालच्या दाढेखाली आला आणि कानापर्यंत कळ गेली. ती क्षणभरच टिकली, म्हणून मी दुर्लक्ष केले. परंतु त्यानंतर भाकरीचा कडक काठ, शेंगदाणा किंवा सुपारीचे खांड त्या बाजूला गेले की नेमकी तशीच कळ येऊ लागली, आणि तीही दाताखाली दाबताना नव्हे, तर दाब सोडताना. माठातले पाणीसुद्धा झोंबू लागले. या दाढेवर लातूरच्या या दवाखान्यात उपचार घेतल्याला आता दहा महिने झाले आहेत. कॅप बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीही चांगलेच लिहील, म्हणून मुद्दाम एवढे थांबलो.

इथे येण्यापूर्वी मी दोन ठिकाणी दाखवले होते. पहिल्या ठिकाणी एक्स-रे स्वच्छ आला आणि संवेदनशील दातांची पेस्ट मिळाली. दुसऱ्या ठिकाणी शेवटून दुसऱ्या दाढेत पूर्वी भरलेली जुनी चांदी मोठी आहे, तीच दुखत असणार, असे सांगून लगेच रूट कॅनॉल सुचवण्यात आले. नेमकी कोणती दाढ दुखते हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हते, म्हणून मी होकार दिला नाही. त्या डॉक्टरांना सर्वस्वी दोष देणे मात्र योग्य होणार नाही. दाढेतली चीर बहुधा पुढून मागे, म्हणजे एक्स-रेच्या फिल्मला समांतर जाते आणि केसाहून बारीक असते, त्यामुळे ती चित्रात उमटतच नाही. शिवाय दाताच्या नसेला कळ समजते, पण जागा नीट समजत नाही. या दुखण्याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव १९६४ मध्ये मिळाले आणि आजही ते ओळखण्यासाठी यंत्रापेक्षा डॉक्टरांच्या सवडीचाच अधिक उपयोग होतो.

ती सवड इथे मिळाली. पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी जवळजवळ पाऊण तास दिला, आणि त्यातला बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात गेला : कळ दाबताना येते की सोडताना, थंड पाणी प्यायल्यावर किती वेळ राहते, रात्री झोपमोड होते का, सुपारी खाता का. सुपारीचे उत्तर मी जरा चाचरतच दिले. त्यानंतर त्यांनी टोकाशी निमुळता असलेला प्लास्टिकचा एक लहान तुकडा दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून मला चावायला आणि हळूच सोडायला सांगितले. शेवटून दुसऱ्या दाढेवर काहीच झाले नाही. शेवटच्या दाढेच्या जिभेकडील मागच्या उंचवट्यावर तुकडा ठेवला आणि सोडताक्षणी मी खुर्चीत दचकलो. त्या नुसत्या ‘सापडली, गुरुजी’ एवढेच म्हणाल्या.

कळ सोडतानाच का येते, हेही त्यांनी समजावले. चावताना चिरेच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात आणि दाब सुटला की एकदम मिटतात. त्या हालचालीने दाताच्या आतल्या थरातील सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो आणि त्याचा धक्का नसेला बसतो. पुढे भूल देऊन त्या दाढेतली जुनी चांदी काढली, बाजूने बारीक प्रखर दिवा धरला आणि आरसा माझ्या हाती दिला. दाढेचा अर्धा भाग उजळला होता, उरलेला अंधारात होता, आणि मध्ये सरळ रेघ होती. उजेड चिरेपाशी अडतो, म्हणून असे दिसते. निळा रंग लावल्यावर तीच रेघ आणखी स्पष्ट झाली. हिरडीभोवती मोजपट्टीची सळईही फिरवली गेली. एकाच जागी ती खोल गेली असती तर चीर मुळापर्यंत पोचल्याची शंका होती, आणि मग दाढ वाचण्याची आशा फारशी उरली नसती. ती कुठेही खोल गेली नाही.

दातांवरच्या चिरांचे पाच प्रकार मानतात. वरच्या आवरणावरच्या निरुपद्रवी रेघांपासून दाताची दोन शकले होण्यापर्यंत आणि मूळच उभे चिरण्यापर्यंत त्यांची मजल जाते. माझी दाढ मधल्या प्रकारातली होती : चीर होती, पण शकले सुटी झाली नव्हती. हाड मोडले तर सांधते. दाताच्या वरच्या आवरणात जिवंत पेशीच नसल्यामुळे ते पुन्हा जुळत नाही. त्यामुळे उपचार चीर बुजवण्याचा नसतो, ती आणखी फाकू नये म्हणून दाढ बाहेरून आवळून धरण्याचा असतो. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तसाच हा प्रकार आहे.

मला या दवाखान्याची सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी कॅपची घाई केली नाही. आधी दाढेभोवती स्टीलचा पट्टा सिमेंटने बसवला आणि तीन आठवडे वाट पाहिली. पट्ट्याने कळ थांबली तर निदान बरोबर आणि नस सावरते आहे, असे धरायचे. ठणका सुरू झाला किंवा थंडाची कळ रेंगाळू लागली तर आधी रूट कॅनॉल करायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले होते. चौथ्या दिवसापासून कळ गेली ती गेलीच. मग दाढ घासून झिर्कोनियाची, म्हणजे चिनीमातीसारख्या पण फार टणक पदार्थाची, कॅप बसवली. ‘अशा पाचांतल्या एखाद्या दाढेला पुढे रूट कॅनॉल लागतेच, तेव्हा हमी देत नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हमी न देणाऱ्या डॉक्टरांवर माझा अधिक विश्वास बसला. दहा महिन्यांत तशी वेळ आलेली नाही.

तपासणी व एक्स-रेचे ५००, पट्ट्याचे १,२०० आणि कॅपचे ८,००० असे एकूण ९,७०० रुपये लागले. दुसऱ्या ठिकाणचे ऐकले असते तर भलत्याच दाढेचे रूट कॅनॉल आणि तिच्यावरची कॅप असा खर्च होऊन ही दाढ तशीच राहिली असती.

माझ्या दाढांचे माथे झिजून सपाट झालेले पाहून मी झोपेत दात खातो, हे डॉक्टरांनी ओळखले. घरी सौभाग्यवतींना विचारले तेव्हा ही गोष्ट त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक असल्याचे कळले. त्यासाठी रात्री लावायचा कडक साचा ३,५०० रुपयांत करून मिळाला. पहिले दोन आठवडे तोंडात परक्याचे दात असल्यासारखे वाटते आणि लाळ सुटते, हे आधी सांगायला हवे होते.

उणिवाही आहेत. खर्चाचा अंदाज तोंडी सांगतात, लिहून देत नाहीत. मागितल्यावर पावती मिळाली, पण तीवर पट्टा आणि कॅप वेगळे दाखवलेले नव्हते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि गुडघेदुखीच्या माणसाला तो जिना जड जातो. मी उदगीरहून एस.टी.ने येत असे. चारपैकी दोन खेपांना ठरलेल्या वेळेनंतर तासाहून अधिक बसावे लागले, आणि एकदा तर प्रयोगशाळेतून कॅपच आली नव्हती, पण तसा फोन कोणी केला नाही. दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असतो. तेव्हा बाहेरगावच्या रुग्णांनी सकाळची पहिलीच वेळ मागून घ्यावी आणि कॅप बसवायच्या दिवशी निघण्यापूर्वी ती आली का, हे फोन करून विचारावे.