आठ महिने अल्पाइन जेएस: एक्स-क्लोकचा ताप आणि बाकी सगळं

मागच्या आठवड्यात ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अहो, वेळापत्रकाचं पान कोरं आहे. वर मथळा दिसतो, खाली काहीच नाही." मी लगेच लॅपटॉपवर पान उघडलं, तर सगळं जागच्या जागी. रिफ्रेश करा म्हटलं. त्यांनी केलं, तरी कोरंच. पुढचे दोन दिवस मी कॅश, ब्राउझर, त्यांचं नेट, सगळ्यांवर संशय घेतला. मग एकदा पान उघडलं आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून माउसवरचा हात काढला. परत वळून बघतो तर स्क्रीन पांढरी. दहा सेकंद, वीस सेकंद, पांढरीच. माउस जरासा हलला आणि अख्खं वेळापत्रक टपकन समोर आलं.

आमच्या वाचनालयाची साइट मी व्हिज्युअल बिल्डरमध्ये बनवली आहे, सगळी ओढून-सोडून. पण विषयाप्रमाणे पुस्तकं गाळणं, टॅब, प्रश्नोत्तरांच्या घड्या, यातलं बरंचसं बिल्डरच्या वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. एक घडी उघडायला-मिटायला दरवर्षी पैसे मोजायचे हे मला पटत नाही. वाचनालयाचा पैसा पुस्तकांवर जावा. म्हणून अल्पाइन घेतलं. ही एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, एचटीएमएलच्या टॅगवर 'एक्स-'नं सुरू होणारे अॅट्रिब्यूट (टॅगला जोडायच्या सूचना) लिहिले की काम करणारी: फुकट, ओपन सोर्स, एकच फाइल, वापरण्याआधी कोड वेगळा बांधून घ्यायची 'बिल्ड स्टेप' नाही. 15 अॅट्रिब्यूट, 6 प्रॉपर्टी आणि 2 मेथड, एवढाच सगळा पसारा असं त्यांच्याच साइटवर लिहिलं आहे, आणि मला अजून त्यातले सातआठच लागले आहेत.

बिल्डरमध्ये हे बसवण्याच्या खाचाखोचा ज्यांना माहीत आहेत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. माझ्या बिल्डरचा कस्टम अॅट्रिब्यूटचा रकाना अॅट चिन्हानं सुरू होणारं नाव घेतच नाही, त्यामुळे क्लिकसाठी आखूड रूप विसरायचं आणि पूर्ण 'एक्स-ऑन' लिहायचं. एक्स-फॉर (यादीतल्या प्रत्येकासाठी तुकडा पुन्हा काढणारं) आणि एक्स-इफ (अट पुरी झाली तरच तुकडा पानात घालणारं) हे टेम्प्लेट टॅगवरच चालतात. तो टॅग बिल्डरमध्ये ओढून आणता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरता एचटीएमएलचा ब्लॉक टाकावा लागतो. आणि दाखवणं-लपवणं करणारं एक्स-शो लावूनही एखादा डबा हटत नसेल, तर बिल्डरनं त्याला 'डिस्प्ले फ्लेक्स' इम्पॉर्टंटसकट, म्हणजे बाकी नियमांवर मात करेल असं, दिलेलं असतं. एक्स-शोच्या पुढे टिंब देऊन इम्पॉर्टंट लिहिलं की गप्प बसतं. हे कळायला माझी एक अख्खी रात्र गेली.

आता एक्स-क्लोक. पान उघडताना अल्पाइन जागं होईपर्यंतच्या क्षणात मिटलेला मेनू उघडा दिसतो आणि मग झपकन नाहीसा होतो. ती झपक मला सहन होत नाही. एक्स-क्लोक त्यावरचाच उपाय आहे: ज्या डब्यावर ते लावलं तो सीएसएसच्या एका ओळीनं लपवायचा, आणि अल्पाइन सुरू झालं की ते स्वतःच ते अॅट्रिब्यूट काढून टाकतं. पहिल्यांदा लावलं तेव्हा पान इतकं शांत उघडलं की मी ते दिसेल तिथे लावत सुटलो. मेनूवर, पॉपअपवर, घड्यांवर, टॅबवर, आणि टॅबच्या आत असलेल्या वेळापत्रकावरही.

म्हणजे मी असं करून ठेवलं होतं की अल्पाइनची फाइल आलीच नाही तर वेळापत्रक कायमचं लपलेलं राहील. सात महिने फाइल रोज वेळेवर येत होती, म्हणून कळलं नाही. मग होस्टिंगवाल्यांनी 'स्पीड' नावाची सोय आपणहून चालू केली. ती सगळी जावास्क्रिप्ट रोखून धरते आणि पाहुण्यानं माउस हलवला, स्क्रोल केलं किंवा स्क्रीनला बोट लावलं की मग सोडते. वेग मोजणाऱ्या चाचणीत गुण वाढतात. ताई पान उघडून फोन टेबलावर ठेवतात आणि वाचायला वाकतात. त्यांना कोरा कागद.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, कस्टम कोड आमच्या कक्षेत येत नाही. अरे, कोड माझा आहे हे मान्य, पण सात महिने चालत असलेल्या पानाची स्क्रिप्ट न विचारता अडवली कुणी? चार वेळा लिहिल्यावर पाचव्या उत्तरात सांगितलं की एक अपवादांची यादी असते, तीत फाइलचं नाव घाला. घातलं, दोन मिनिटांत सुटलं. हेच पहिल्या उत्तरात सांगता आलं असतं. याचा राग अजून गेलेला नाही.

हा अनुभव लिहायला बसलो तेव्हा एक्स-क्लोक लावूच नका असं लिहिणार होतो. पण काल सगळी पानं एकेक करून तपासली आणि मत बदललं. मेनू आणि पॉपअपवर ते हवंच, कारण त्या गोष्टी मुळात मिटलेल्याच असायला हव्यात. फाइल नाही आली तर मेनू उघडणार नाही, पण पान वाचता येईल. वेळापत्रकावरून मात्र काढलं. आता क्षणभर तिन्ही टॅब एकाखाली एक दिसतात आणि मग एक उरतो. ती झपक मी मान्य केली. प्रश्नोत्तरांच्या घड्यांमधून तर अल्पाइनच काढलं. एचटीएमएलचे डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग तेच काम जावास्क्रिप्टशिवाय करतात.

पुस्तकांच्या यादीसाठी मात्र मी अल्पाइन सोडणार नाही. शोधाच्या चौकटीला एक्स-मॉडेल (टाइप केलेलं अल्पाइनला कळवणारं), प्रत्येक कार्डाला एक्स-शो, बस. अक्षर टाइप होताच यादी गळत जाते. एक अडचण आली होती ती आपल्या लिपीची: 'ऱ्या' असलेली नावं कधी सापडायची, कधी नाही. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर एकाच कोडनं लिहिता येतं किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. शोधाचा शब्द आणि पुस्तकाचं नाव दोन्ही जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझमधून (ते अशी दोन रूपं एकसारखी करतं) काढले आणि प्रश्न मिटला. मराठी शोध देणाऱ्या प्रत्येकानं हे करावं.

पर्सिस्ट प्लगइननंही सुख दिलं. निवडलेला विषय ते ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतं. प्लगइनची फाइल अल्पाइनच्या मुख्य फाइलच्या आधी जोडायची, एवढंच पथ्य. एका सभासदांनी ताईंना येऊन सांगितलं, साइट उघडली की थेट प्रवासवर्णनंच समोर येतात, हे फार छान केलंत.

अल्पाइनची फाइल आता आमच्याच सर्व्हरवर आहे, आवृत्तीचा पूर्ण आकडा धरून. आपोआप नवी येणारी लिंक काढून टाकली. आणि मी काही बदल केला की ताई आपल्या फोनवर पान उघडतात, फोन टेबलावर ठेवतात, हात मांडीवर घेतात, आणि दहापर्यंत मोजून मला कळवतात.