'नेव्हर लेट मी गो': आधी पुस्तक की आधी पिक्चर?

भाचीने काल विचारलं, "मावशी, वाचू की सरळ पिक्चरच बघू?" फोनवर मी पटकन "वाच" म्हणून गेले. पण उत्तर इतकं सरळ नाही.

काझुओ इशिगुरोंची ही कादंबरी (२००५) मी ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचली. ऐरोलीला उतरायचं, त्यामुळे रोज जेमतेम पाच-सहा पानं. पहिले काही दिवस नुसती वैतागले. क्लोनिंगवरची कादंबरी म्हणून हातात घेतली आणि समोर काय, तर निवासी शाळेतल्या मुलांचे रुसवेफुगवे, त्यांची चित्रं, रूथ नावाच्या मुलीची कंपासपेटी! गोष्ट घडते १९९०च्या दशकाच्या अखेरीस, डॉली या क्लोन केलेल्या मेंढीच्या काळात. पण प्रयोगशाळा एकदाही दिसत नाही. शाळा संपल्यावर मुलं कॉटेजमध्ये राहायला जातात, तो दुसरा भाग तर मला आजही लांबलेला वाटतो.

आणि तरीही तो पावसाचा प्रसंग. मुलं पॅव्हेलियनमध्ये अडकलीत, दोघं जण अमेरिकेत जाऊन नट व्हायच्या गप्पा मारतायत. त्यांच्या शिक्षिका मिस ल्यूसीला राहवत नाही. ती सांगून टाकते: तुमच्यातलं कुणीच अमेरिकेला जाणार नाही, तुम्हाला अवयव देण्यासाठीच घडवलंय. मुलं हादरतच नाहीत. बाळकडूसारखं हे त्यांना थेंबाथेंबाने आधीच पाजलेलं असतं. वाचता वाचता मलाही तसंच पाजलं गेलं होतं, हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला. ती संथ गती त्यासाठीच होती.

मार्क रोमनेकचा सिनेमा (२०१०) पावणेदोन तासांत संपतो, आणि पहिल्याच पाटीवर सांगून मोकळा होतो: १९५२ मध्ये वैद्यकशास्त्राने मोठा शोध लावला, १९६७ पर्यंत माणसाचं सरासरी आयुष्य शंभरीपार गेलं. कंटाळा वाचतो, पण बाळकडूही जातं. पुस्तकात गोष्ट सांगणारी कॅथी गाण्यांची जी कॅसेट स्वतः विकत घेते, ती इथे तिचा मित्र टॉमी तिला देतो. तिचं एकटीचं जग प्रेमकथेत जमा होतं, हे मला खटकलं. कॅथी झालेल्या केरी मलिगनचा चेहरा मात्र पानंच्या पानं बोलतो.

"ही मुलं पळून का जात नाहीत?" या प्रश्नाने मी पुस्तकावर खूप चिडले होते. सिनेमात त्यांच्या मनगटावर पट्टा आहे, येता-जाता नोंद होते. मीही ऑफिसात रोज कार्ड टेकवूनच शिरते, म्हणून ते लगेच पटलं. पुस्तकात पट्टा नाही, पहारा नाही, तरी कुणी पळत नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

तेव्हा बाळा, माझ्यासारखी तुकड्यातुकड्यांत वाचू नकोस. पावसाळ्यातला एखादा शनिवार-रविवार सलग काढ. कॉटेजचा भाग गाळू नकोस, हरवलेली कॅसेट शोधायची इंग्लंडमधल्या नॉरफोकची दुपार त्यातच आहे. अगदीच रेटवेना, तर खुशाल सोड आणि सिनेमा लाव. पण आधी सिनेमा नको. ती पहिली पाटी एकदा वाचली की डोक्यातून जात नाही.