पावसाळ्यापासून ऐकतेय: स्टीव्ह लेसीचा सोप्रानो सॅक्सोफोन

निकाल आधी सांगते, कारणं मागून येतीलच. स्टीव्ह लेसी अल्बमवार ऐकू नका, रचनावार ऐका. एखादी रचना धरायची आणि ती त्याने कुठल्या साली, कुणाबरोबर, कुठल्या गावात वाजवली त्याचा माग काढत जायचं. गेल्या पावसाळ्यापासून तो माझ्या घरात जवळजवळ रोज वाजतोय, आणि एवढ्या महिन्यांनी खात्रीने सांगते की याच वाटेने तो उलगडतो. एकेक अल्बम संपवत गेलात तर दहाव्या-बाराव्या अल्बमला सगळं एकसारखं वाटायला लागेल आणि तुम्ही त्याला सोडून द्याल. तसं झालं तर फार वाईट वाटेल मला.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लेसी हा अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक. जन्म १९३४, न्यूयॉर्क. मूळ आडनाव लॅक्रिट्झ. कोवळ्या वयात जुन्या पिढीतला सोप्रानोवादक सिडनी बेशेने वाजवलेली, जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनची 'द मूच' ही रेकॉर्ड कानावर पडली आणि सोप्रानो सॅक्सोफोन हेच वाद्य ठरलं. हे वाद्य दिसायला सनईसारखं सरळसोट असतं, पण धातूचं आणि एकेरी पत्तीचं. सुरात ठेवायला भलतं अवघड, वरच्या सप्तकात तर हमखास दगा देणारं. १९५० च्या दशकात आधुनिक जॅझमध्ये ते कुणी हातात घेत नव्हतं. पुढे जॉन कोल्ट्रेनने घेतलं आणि मग लाटच आली. मात्र बहुतेकांसाठी ते दुसरं वाद्य होतं, आपला मोठा टेनर सॅक्सोफोन बाजूला ठेवून मधूनच उचलायचं. लेसीने या एका वाद्यावर सगळं आयुष्य काढलं. सुरुवात पारंपरिक न्यू ऑर्लीन्स धाटणीच्या बँडमधून, तिथून थेट पियानोवादक सिसिल टेलरच्या तेव्हाच्या सर्वात धाडसी संगीतात, मग संगीत संयोजक गिल एव्हान्सकडे. १९७० पासून २००२ पर्यंत मुक्काम पॅरिसमध्ये. शेवटची दोन वर्षं बॉस्टनला न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं आणि २००४ च्या जूनमध्ये तिथेच गेला.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने पहिली अडचण शोधण्याची. ॲपवर नुसतं नाव टाकलंत तर त्याच नावाचा एक तरुण अमेरिकन गायक पुढ्यात येतो, २०२२ मध्ये ज्याचं 'बॅड हॅबिट' गाजलं तो. कित्येक ठिकाणी दोघांची सरमिसळ झालेली असते. त्यामुळे नावापुढे 'सोप्रानो' किंवा 'मंक' (जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक) हा शब्द जोडा, नाहीतर अल्बमच्या नावानेच शोधा. दुसरी अडचण पसाऱ्याची. लेसीच्या नावावर शंभराहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत आणि ती अमेरिका, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, इंग्लंड, जपान अशा देशांतल्या छोट्या-छोट्या कंपन्यांकडे विखुरलेली आहेत. मोठ्या कंपन्यांना तो फारसा नको होता. जिथे कुणी आस्थेने टेप लावली तिथे तो वाजवून आला. स्वित्झर्लंडची हॅट हट, इटलीची सोल नोट, इंग्लंडची एमानेम ही नावं लक्षात ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

आता माग काढण्याची गोष्ट. सुरुवात थेलोनियस मंकपासूनच करायला हवी, कारण लेसीनेही तीच केली. त्याचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम 'सोप्रानो सॅक्स' १९५७ च्या नोव्हेंबरमधला. त्यात मंकची एकच रचना आहे, 'वर्क'. पियानोवर विंटन केली. लेसी तेवीस वर्षांचा. दुसऱ्याच वर्षी त्याने 'रिफ्लेक्शन्स' केला, आणि तो पूर्णच्या पूर्ण मंकच्या रचनांचा. मंक सोडून दुसऱ्या कुणी असा अल्बम त्याआधी केला नव्हता. सोबतीला पियानोवर मॅल वॉल्ड्रन आणि ड्रम्सवर एल्व्हिन जोन्स. तेव्हा मंकच्या या चिजा वाजवायला लोक कचरत असत. उड्या वेड्यावाकड्या, जागा अडनिड्या, आणि ऐन मोक्याला शांतता. १९६० मध्ये लेसीला काही महिने खुद्द मंकच्या बँडमध्ये वाजवायला मिळालं. मंकने वेळोवेळी जे सांगितलं ते त्याने वहीत उतरवून ठेवलं आणि ते पान आज जगभरच्या वादकांकडे फिरतं. पायाने ठेका धर आणि वाजवताना मूळ चाल मनात गात राहा, ही त्यातली एक सूचना. लेसी ऐकण्याची किल्ली याच सूचनेत आहे असं मला वाटतं. त्याच्या सोलोमध्ये वाट चुकल्यासारखं वाटलं की आपण मनात मूळ चाल गुणगुणायची. बहुतेक वेळा तो तिच्यावरच उभा असतो.

'वर्क' पुन्हा भेटतं ते १९८५ च्या 'ओन्ली मंक'मध्ये, सोल नोटवर. इथे तो एकटा आहे. पियानो नाही, बास नाही, ड्रम्स नाहीत. ही दोन ध्वनिमुद्रणं मी पाठोपाठ लावून इतक्यांदा ऐकलीत की मधली वर्षं बोटाने दाखवता यावीत. १९५७ मध्ये तालाची सगळी जबाबदारी मागच्या मंडळींवर आहे आणि लेसी त्यांच्यावर भरवसा टाकून पुढे पुढे जातो. स्वर गोल, नीटस, थोडा जपून टाकलेला. १९८५ मध्ये मागे कुणीच नाही, तरी ठेका तसाच चालू आहे. रचनेत जिथे रिकामी जागा आहे तिथे तो खरोखर थांबतो. ती जागा भरायला एखादी तान टाकण्याचा मोह कुणालाही झाला असता, पण लेसी तिला हात लावत नाही. खोलीतला आवाज ऐकू येईल एवढं तो थांबतो आणि पुढचा स्वर बरोबर जिथे पडायला हवा तिथेच टाकतो. स्वराला आता धार आली आहे, कडेला किंचित खरखर. हे एक मिनिट लक्ष देऊन ऐकलंत तरी माझं म्हणणं पटेल.

दुसरा माग 'मंक्स ड्रीम'चा, आणि माझ्या सगळ्यात जवळचा. १९६३ मध्ये लेसी, ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड, बासवर हेन्री ग्राइम्स आणि ड्रम्सवर डेनिस चार्ल्स अशा चौघांचा एक बँड होता, फक्त मंक वाजवणारा. काम जवळपास मिळत नव्हतं. न्यूयॉर्कच्या कॉफीहाउसांमध्ये मिळेल त्यावर वाजवायचे. त्यातल्या एका ठिकाणची टेप राहिली, आणि ती बारा वर्षांनी, १९७५ मध्ये, एमानेमने 'स्कूल डेज' नावाने काढली. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण त्यातली भूक कुठल्याही स्टुडिओत पकडता आली नसती. ट्रॉम्बोन खालून गुरगुरतो, सोप्रानो वरून त्याला उत्तर देतो, आणि मध्ये पियानो नसल्याने दोघांमधलं सगळं अंतर उघडं पडतं. मग सरळ २००० सालच्या 'मंक्स ड्रीम' नावाच्या अल्बमवर या. तोच रड, तोच लेसी, तीच रचना. बासवर जाँ-जाक आव्हनेल, ड्रम्सवर जॉन बेच. आता दोघांनाही काही सिद्ध करायचं नाही. एकमेकांचं वाक्य तोडण्याऐवजी ते पूर्ण होऊ देतात, आणि गंमत अशी की थट्टामस्करी उलट वाढलीय. आपल्याकडे एखादा गवई ऐन उमेदीत आणि पुन्हा साठीनंतर तीच बंदिश मांडतो तेव्हा जे ऐकायला मिळतं, तेच इथे मिळतं. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माणसाला लेसी परका वाटत नाही तो यामुळे.

त्याच्या रियाजाबद्दलही हेच म्हणता येईल. दोन शेजारचे स्वर घेऊन तासभर फक्त त्यांच्यातच राहायचं, असं तो करत असे. तो सांगायचा की काही वेळाने तेवढंसं अंतर प्रचंड मोठं भासायला लागतं. त्याचे एकल अल्बम ऐकताना हे कानाला जाणवतं. पहिली एकल मैफल १९७२ मध्ये फ्रान्समधल्या ॲव्हिन्यॉनला झाली, तिचंही ध्वनिमुद्रण एमानेमने काढलंय. १९७७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा 'क्लिंकर्स' मला त्याहून आवडतो. त्यात वाद्यातून चुंबनासारखे, टाळीसारखे, बदकासारखे आवाज निघतात, आणि एकाही आवाजात नुसती हुशारी दाखवण्याचा भाग नाही. 'डक' ही रचना तर घरातल्या लहान मुलांना ऐकवा. माझ्या भाच्याने ती सलग परत परत लावायला लावली.

हे अल्बम कशावर ऐकायचे, हेही सांगायला हवं. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. सोप्रानोचा वरचा पल्ला तिथे नुसता टोचतो आणि स्वराच्या आतली हवा, पत्तीची थरथर, काहीच पोचत नाही. लोकलमध्ये इअरफोन घालूनही तीच रड, कारण आवाज वाढवावा लागतो. घरी साध्या स्पीकरवर, बेताच्या आवाजात उत्तम. एकल अल्बम एका बैठकीत अर्धाच ऐका. त्यात एवढा मजकूर असतो की कान थकतात.

आता वादाचा मुद्दा. लेसीची पत्नी आयरीन एबी त्याच्या बँडमध्ये व्हायोलिन आणि चेलो वाजवायची आणि गायची. त्याने तिच्या आवाजासाठी शेकडो कवितांना चाली लावल्या. हा आवाज पुष्कळांना सहन होत नाही. ताठ, सपाट, लाडीगोडी नसलेला, जाहीर वाचन केल्यासारखा. मलाही तो आजतागायत पूर्ण पटलेला नाही. पण तो वगळून लेसी पुरता समजत नाही, हेही खरं. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेच्या वचनांवर त्याने सहा रचनांची मालिका केली, 'ताओ'. १९७९ च्या 'द वे' या बाझेलच्या ध्वनिमुद्रणात ती एबीने गायली आहे, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या 'रिमेन्स'मध्ये लेसीने एकट्याने वाजवली आहे. एकल वादनात प्रत्येक वाक्य इतकं बोलकं का आहे, असा प्रश्न पडला तर 'द वे' लावा. शब्दांची लांबी, श्वासाची जागा, सगळं तिथून आलंय. माझा सल्ला असा: आधी 'रिमेन्स', मग 'द वे', मग पुन्हा 'रिमेन्स'.

याच ओघात एक अल्बम आपल्या उपखंडाशी नातं सांगणारा. १९९९ चा 'द क्राय', सोल नोटवर, दोन डिस्कचा. त्यातले शब्द तसलिमा नसरीन यांचे. बाईच्या वाट्याला आलेला राग आणि एकटेपण एबीच्या त्या ताठ आवाजात फार अचूक बसतो. इथे गोड गळा असता तर ते शब्द खोटे वाटले असते. सलग ऐकायला जड आहे, एकेक गाणं घ्या.

ज्यांना एवढ्या खोलात शिरायचं नाही त्यांनी सरळ मॅल वॉल्ड्रनबरोबरची जुगलबंदी घ्यावी. १९८६ चा 'सेम्प्रे अमोरे', सगळ्या रचना एलिंग्टन आणि त्याचा सहकारी रचनाकार बिली स्ट्रेहॉर्नच्या. वॉल्ड्रनचा पियानो काळोखा, एकाच वाक्यावर रेंगाळणारा, आणि त्यावर लेसीची स्वच्छ रेघ. जॅझ कधी न ऐकलेल्या माझ्या आईलाही हा अल्बम आवडला. भेट द्यायचा असेल तर हाच द्या.

'द फॉरेस्ट अँड द झू' मात्र सगळ्यात शेवटी घ्या. १९६६ मध्ये लेसीसह चौघंजण ब्वेनोस आयरेसला वाजवायला गेले आणि महिनोनमहिने तिथेच अडकून पडले. त्या दिवसांतली ही मैफल. ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही. त्या काळाचा दस्तऐवज म्हणून मोलाची, पण पुन्हा पुन्हा लावावीशी मला वाटली नाही. मजा म्हणजे पुढे लेसी स्वतःच या मुक्त वाजवण्यातून बाहेर पडून रचनेकडे परतला.

खरेदीबद्दल थोडं. मी एक पेटीबंद संच मागवला, त्यात आतल्या माहितीपुस्तिका नव्हत्याच. कोणत्या तारखेला कुठे वाजवलं हे कळल्याशिवाय माग काढता येत नाही, त्यामुळे संच घेताना पुस्तिका आहे का ते विक्रेत्याला नक्की विचारा. एकेकट्या जुन्या सीडी कित्येकदा स्वस्त पडतात आणि त्यांत सगळा तपशील छापलेला असतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम धरूनच हिशोब करा.

शेवटच्या काळातलं काही हवं असेल तर 'नोव्हेंबर' घ्या. २००३ च्या नोव्हेंबरमधली झुरिकची एकल मैफल, इंटाक्ट कंपनीने २०१० मध्ये काढलेली. तेव्हा त्याला कर्करोग झालेला होता. स्वर काही ठिकाणी तुटतो, दम अपुरा पडतो, पण रिकाम्या जागा तेवढ्याच ठाम आहेत. हा मी क्वचितच लावते.

सध्या मी शोधतेय तो 'स्क्रॅचिंग द सेव्हन्टीज' हा तीन सीडींचा संच. पॅरिसच्या साराव्हा कंपनीसाठी त्याने केलेले पाच अल्बम त्यात एकत्र आहेत, 'लॅपिस'सकट, आणि त्याच्या स्वतःच्या रचनांचा माग तिथूनच नीट सुरू होतो. नवा कुठे मिळेना. कुणाकडे जुना पण पुस्तिकेसह असेल आणि द्यायचा असेल तर जरूर कळवा, वाजवी किमतीला लगेच घेईन.