तिकिटावरची पांढरी पट्टी

फॉर्म्युला वनची शर्यत प्रत्यक्ष बघायला जायचा विचार असेल आणि तिकीट आयोजकांकडून न घेता दुसऱ्या कुणाकडून घेणार असाल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. आम्ही फसलो. बनावट तिकीट मिळालं नाही, गेटवर अडवलं नाही, सीटही ठरल्या स्टँडमध्येच मिळाली. तरीही फसलो, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

मायकल शूमाकर हा ड्रायव्हर फेरारी संघात आला तेव्हापासून बाबा शर्यती बघतात. २००० ते २००४ ही त्याची सलग पाच विजेतेपदं आम्ही दोघांनी टीव्हीसमोर बसून पाहिली. मी तेव्हा शाळेत होतो. कुठला ड्रायव्हर कितव्या फेरीला पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, येईल याचा बाबांचा अंदाज सहसा चुकत नसे. एकदा तरी त्यांना स्टँडमध्ये नेऊन बसवायचं, हे माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. ते निवृत्त झाले आणि मी ठरवलं, यंदा जायचंच.

आयोजकांच्या साइटवर चांगल्या स्टँडची तिकिटं संपली होती. शोधताना तिकिटांची पुनर्विक्री करणारी एक साइट समोर आली. रंग, अक्षरं, सर्किटचा नकाशा, सगळं अधिकृत साइटसारखंच. तिथे पहिल्या वळणाजवळचा स्टँड मिळत होता. वर्णनात लिहिलं होतं : ब्रेकिंगचा पट्टा (वळणाआधी गाड्या ब्रेक लावतात तो भाग) पूर्ण दिसतो, मोठा स्क्रीन समोर, दोन सीट शेजारी-शेजारी. रांगेचा क्रमांक मात्र नव्हता. ‘तो नंतर कळवला जाईल’, एवढंच होतं.

मी चॅटवर विचारलं, वडिलांच्या गुडघ्यांना त्रास आहे, फार पायऱ्या चढता येणार नाहीत, पण शर्यत नीट दिसायला हवी. लगेच उत्तर आलं : ‘काळजी करू नका, तुम्हाला खालची रांग देतो. गाड्या अगदी जवळून दिसतील.’ मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे आभार मानले आणि पैसे भरून टाकले.

इथेच माझी पहिली चूक झाली. मैदानी खेळांत पुढची रांग म्हणजे मोक्याची जागा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मोटर शर्यतीत बऱ्याचदा नेमकं उलट असतं. ट्रॅक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत असते आणि तिच्यावर माणसाहून कितीतरी उंच अशी जाड तारेची जाळी. ती हवीच, तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसं गेली, हे ज्याला माहीत आहे तो जाळी काढा असं कधीच म्हणणार नाही. पण तुम्ही वरच्या रांगेत असाल तर नजर जाळीच्या वरून जाते आणि खालच्या रांगेत असाल तर जाळीतूनच बघावं लागतं.

तिकिटं शर्यतीच्या आठवड्यात, निघायच्या दोनच दिवस आधी ईमेलनं आली. रांग दुसरी. आम्ही खुशीत होतो.

शुक्रवारी सकाळी, पहिल्या सरावाला, जागेवर जाऊन बसलो. अगदी समोर बघितलं तर जाळीतून पलीकडचा डांबरी पट्टा दिसत होता. मान थोडी वळवली की तारा एकमेकींच्या जवळ आल्यासारख्या दिसायच्या, आणखी वळवली की एकीवर एक चढून त्यांचा सलग करडा पडदा व्हायचा. गाड्या येतात ती बाजू पडद्याआड, ब्रेक लावून वळणात शिरतात ती बाजूही पडद्याआड. उघडा राहिला तो समोरचा चाळीसेक मीटरचा तुकडा. मोठा स्क्रीन होता खरा, पण त्याच्या आणि आमच्या मध्ये टीव्ही कॅमेऱ्यासाठी उभारलेला लोखंडी मनोरा. स्क्रीनची उजवी कड तेवढी दिसायची.

हिशेब सांगतो. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ८३ मीटर. चाळीस मीटरला अर्धा सेकंद. फेरी दीड मिनिटाची. म्हणजे दर दीड मिनिटाला बाबांच्या आवडत्या ड्रायव्हरची गाडी अर्धा सेकंद दिसणार, आणि साठेक फेऱ्यांची अख्खी शर्यत मिळून अर्धा मिनिट.

बाबा काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘आवाज बघ रे कसा छातीत घुमतो.’ मला समजावण्यासाठीच म्हणाले ते.

आमच्या शेजारी एक जोडपं होतं. त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, आम्हाला माहीतच होतं, म्हणून तर स्वस्तात मिळालं. त्यांनी आयोजकांकडून घेतलेलं तिकीट मोबाइलवर दाखवलं. स्टँड तोच, रांग तीच, आणि सीट क्रमांकाच्या खाली स्पष्ट छापलेलं : ‘मर्यादित दृश्य’. त्याखाली किंमत. मी आमची पीडीएफ उघडली. क्यूआर कोड तसाच, अक्षरांची ठेवण तशीच, पण त्या दोन ओळींच्या जागी रिकामी पांढरी पट्टी. मोठी करून पाहिली. बाकीच्या तिकिटाची पार्श्वभूमी फिकट करडी होती आणि तेवढाच आयत शुभ्र पांढरा, एका कडेला एका अक्षराची शेपटी राहून गेलेली. आयोजकांनी जी जागा दिसत नाही म्हणून सांगून कमी दरात विकली होती, तीच यांनी सूचना पुसून आम्हाला तिप्पट दरात विकली होती.

लगेच माहिती कक्षात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण जागा बदलून देणं त्यांच्या हातात नव्हतं. स्टँड भरलेला होता आणि आमचा व्यवहार त्यांच्याशी झालेला नव्हता. यात त्यांची काही चूक नव्हती.

रविवारी शर्यतीच्या मध्यावर अचानक आमच्या मागचा सगळा स्टँड उठून उभा राहिला. आरडाओरडा, टाळ्या. बाबाही उठले, टाचा उंचावून बघायला लागले, मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘काय झालं?’ मला सांगता आलं नाही.

परत आल्यावर विक्रेत्याला फोटोंसह लिहिलं. पहिलं उत्तर आलं : शर्यत पूर्ण झाली, तुम्ही आत गेलात, म्हणजे सेवा मिळाली. मी कळवलं, २००५ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला टायरच्या धोक्यामुळे मिशेलिन कंपनीचे टायर वापरणारे संघ बाजूला झाले आणि फक्त सहा गाड्या धावल्या, तेव्हाही शर्यत अधिकृतपणे पूर्णच झाली होती. तरी मिशेलिननं प्रेक्षकांचे तिकिटाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती, आणि ती तर तिकीट विकणारी कंपनीही नव्हती. यावर उत्तर नाही. आठवड्यानं पुढच्या हंगामासाठी सवलतीचं कूपन आलं. लास व्हेगासला २०२३ मध्ये गुरुवारचा पहिला सराव ट्रॅकमधल्या एका सैल झालेल्या झाकणामुळे काही मिनिटांतच थांबला आणि दुसऱ्या सरावाआधी प्रेक्षकांना बाहेर काढलं, तेव्हा फक्त त्या दिवसाचं तिकीट घेतलेल्यांनाही शर्यतीच्या टोप्या-टीशर्टसारख्या वस्तूंच्या दुकानाचं कूपनच देऊ केलं होतं. कूपन घेतलं की आपण तडजोड मान्य केली असं ते पुढे म्हणू शकतात, अशी मला भीती वाटली. मी घेतलं नाही.

मग कार्डच्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली. पहिल्यांदा फेटाळली, कारण तिकीट गेटवर स्कॅन झालं होतं. माझ्याकडे विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट नव्हता, आणि मी बघायला गेलो तोवर ते वर्णन बदललेलं होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तुम्ही पैसे भरण्याआधी त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, संपूर्ण पानाचा. चॅटही जतन करा. माझी चॅट ईमेलवर आलेली होती म्हणून वाचली. रांगेचा क्रमांक मिळाल्याशिवाय पैसे भरू नका, आणि पहिली रांग वरून मोजतात की खालून हेही विचारून घ्या, कारण सगळीकडे पद्धत एक नसते. आयोजक आपल्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी देत असतील तर त्यातलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. त्या स्टँडच्या त्याच रांगेतून लोकांनी काढलेले फोटो शोधा. वर्णनावर विसंबू नका. आणि ‘मर्यादित दृश्य’ आहे का, हा प्रश्न याच शब्दांत विचारून लेखी उत्तर मागा. मी ‘नीट दिसेल ना’ असं विचारलं होतं, त्याला काहीही उत्तर देता येतं.

शेजारच्या जोडप्यानं त्यांच्या तिकिटाचा फोटो, नाव आणि कोड झाकून, मला पाठवला. तो आणि आमची पट्टीवाली पीडीएफ शेजारी-शेजारी ठेवून मी पुन्हा अर्ज केला आहे. बँकेनं या वेळी तो चौकशीसाठी घेतला आहे.

परवा बाबांनी शर्यतीचं रेकॉर्डिंग लावलं. मागचा स्टँड उठला होता ती फेरी आली. पहिल्या वळणावर, बाहेरच्या बाजूनं, दोन गाड्या चाकाला चाक लावून आत शिरल्या आणि मागची पुढे गेली. त्यांच्या मागे जाळी, जाळीमागे आमचा स्टँड. आमच्यापासून ते शंभरेक मीटरवर घडलं होतं. बाबांनी तेवढा भाग तीन वेळा मागे नेऊन पाहिला.