एसएमपीएस टेस्टर: नागपूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

पीसीचं बटण दाबल्यावर पंखा गचका देऊन थांबतो, किंवा काहीच हलत नाही, तेव्हा दोष एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) की मदरबोर्डचा हे ठरवण्यासाठी हा छोटा एलसीडी टेस्टर घेतला. काही महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं झालंय: तो ‘खराब’ म्हणाला तर ऐका, ‘ठीक’ म्हणाला तर पुढेही तपासा.

मेन्स बंद करून 24 पिनचा आणि सीपीयूचा 8 पिनचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा, दोन्ही टेस्टरला लावायचे आणि मेन्स चालू करायचा. 12 व्होल्टची लाइन 11.40 ते 12.60, पाचची 4.75 ते 5.25 आणि 3.3 ची 3.14 ते 3.47 मध्ये हवी. बाहेर गेली की एलएल (कमी) किंवा एचएच (जास्त) दिसतं.

बहुतेक जण एवढंच पाहतात. माझ्या मते पीजीचा (‘पॉवर गुड’ इशाऱ्याचा) आकडा जास्त कामाचा. सगळे व्होल्टेज स्थिरावल्याचा हा इशारा मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. तो साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत यायला हवा. आलाच नाही तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते, आणि लोक उगाच रॅम बदलत बसतात.

आपल्याकडे खरा बळी जातो तो स्टँडबायचा, म्हणजे एसएमपीएसमधल्या कायम जाग्या असणाऱ्या 5 व्होल्टच्या सर्किटचा. पीसी बंद असला तरी प्लग चालू असेपर्यंत हे सर्किट राबत असतं. त्यातल्या कंडेन्सरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. मे महिन्यात पारा 45 कडे गेल्यावर काय होत असेल ते उघड आहे. त्यात कूलरची ओल आणि धूळ एकत्र थापली जाते, म्हणून कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. लक्षण ठरलेलं: वीज जाऊन आली की पीसी उठत नाही, प्लग थोडा वेळ चालू ठेवला की उठतो. उन्हाळ्यात सुकलेला कंडेन्सर डिसेंबरच्या गार सकाळी जास्त त्रास देतो.

टेस्टरची मोठी उणीव म्हणजे त्याचा लोड नगण्य. कमजोर एसएमपीएसही त्यावर 12.1 दाखवून पास होतो आणि ग्राफिक्स कार्ड लागताच बसतो. त्यामुळे सगळं परत जोडून मल्टिमीटर हवाच. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला, लाल प्रोब 24 पिनच्या मागून तारेच्या खोबणीत. जांभळ्या तारेवर (पिन 9) पीसी बंद असतानाही स्टँडबायचे 5 व्होल्ट हवेत. हिरवी (पिन 16, एसएमपीएसला ‘चालू हो’ सांगणारी) बटण दाबताच शून्याजवळ यायला हवी. ती आली नाही तर स्विच किंवा मदरबोर्ड पाहा. फ्रंट पॅनलच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की स्विचचा निकाल लागतो. हिरवी खाली येऊनही 12 व्होल्ट उठत नसतील तर ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क काढून पुन्हा बघा, कारण त्यांच्यातल्या शॉर्टनेही एसएमपीएस स्वतःला बंद करतो. करड्या तारेवर (पिन 8) पीजीचे 5 व्होल्ट येतात. सगळ्या तारा काळ्या असतील तर पिन क्रमांकावरच जा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलू नका, आधी सॉकेटची अर्थिंग बघून घ्या.

घरी एकच पीसी असेल तर टेस्टरऐवजी मल्टिमीटर घ्या. सीताबर्डीत दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला मात्र टेस्टर वेळ वाचवून देतो. एसएमपीएसचं झाकण दोघांनीही उघडू नये: आतल्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे 325 ते 400 व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.