‘अपस्ट्रीम कलर’ : कारण न कळणाऱ्या दुःखाची विज्ञानकथा

मने जोडण्याची कल्पना विज्ञानपटांत बहुधा यंत्राच्या आधाराने येते. डोक्याला तारा लावल्या जातात आणि एखादा शास्त्रज्ञ सगळे समजावून सांगतो. शेन कॅरुथ यांच्या २०१३ सालच्या ‘अपस्ट्रीम कलर’ या स्वतंत्र चित्रपटात माणसांना जोडते ती एक अळी, आणि समजावून सांगणारे कोणीही नाही.

एक चोर क्रिस नावाच्या तरुणीला ही अळी बळजबरीने गिळायला लावतो. भारल्यासारखी झालेली क्रिस अमेरिकी लेखक थोरो यांच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकाची पाने उतरवून काढते आणि आपली सारी पुंजी त्याच्या हवाली करते. पुढे डुकरे पाळणारा एक माणूस जमिनीत घुमणारे खोल आवाज सोडून तिला आपल्याकडे ओढून आणतो आणि तिच्या शरीरातील अळी एका डुकरिणीच्या शरीरात घालतो. तेव्हापासून त्या जनावरावर जे गुदरते ते क्रिसला जाणवत राहते, मात्र का जाणवते हे तिला बराच काळ उमगत नाही. रेल्वेत भेटलेला जेफही याच फेऱ्यातून गेलेला आहे.

या दोघांचे प्रेम हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो विलक्षण ताकदीचा आहे. बालपणीची एक आठवण नेमकी कोणाची यावरून ते वाद घालतात, तेव्हा प्रेमिकांच्या लाडिक भांडणासारखा सुरू झालेला प्रसंग हळूहळू भयावह होत जातो, कारण दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते. डुकरिणीची पिल्ले पोत्यात घालून नदीत फेकली जातात त्या वेळी दूर शहरात या दोघांना जो अनावर कासाविसपणा घेरतो, तो क्रिसची भूमिका करणाऱ्या एमी सायमेट्झ यांनी केवळ चेहऱ्याने आणि श्वासाने उभा केला आहे. मने जुळणे म्हणजे एकमेकांचे विचार वाचता येणे नव्हे, तर आपले दुःख आपले आहे याचीच खात्री उरू नये, हे या चित्रपटाइतके अंगावर येईल असे मी क्वचितच पाहिले आहे.

कॅरुथ यांनी लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि जेफची भूमिका अशी बहुतेक कामे स्वतः केली असून संकलनात डेव्हिड लाउरी त्यांचे भागीदार आहेत. सनडान्स महोत्सवात ध्वनिरचनेसाठी मिळालेला विशेष ज्युरी पुरस्कार अगदी योग्य आहे, कारण जी जोडणी डोळ्यांना दाखवता येत नाही ती येथे आवाजातूनच कळते. अखेरच्या भागात संवाद जवळजवळ थांबतात, तरी कथेचा धागा सुटत नाही.

सुरुवातीची घाई मात्र खटकते. चोरीचा भाग इतक्या तुटक दृश्यांत उरकला आहे की पहिल्या वेळी अनेकांचा गोंधळ उडेल. शेवट येथे उघड करणे योग्य नाही, परंतु त्यातील सूड ज्याच्या वाट्याला येतो तो खरोखर किती दोषी आहे, या प्रश्नापाशी चित्रपट पुरेसा थांबत नाही, आणि इतक्या संवेदनशील कलाकृतीकडून ती अपेक्षा होती. तरीही ९६ मिनिटांचा हा चित्रपट पुन्हा पाहण्याच्या योग्यतेचा आहे. घरी पाहणार असाल तर चांगले हेडफोन लावून पाहावा, कारण खालच्या पट्टीतील घुमणारे आवाज टीव्हीच्या लहान स्पीकरमधून नीट ऐकू येत नाहीत.