माझाच टर्बो मला नवा म्हणून विकला

डिझेल पिकअप लोडवर ओढेना झाली की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "टर्बो गेलाय". टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. कधीकधी तो खरंच गेलेला असतो. माझा गेला नव्हता. तरी मी नव्या टर्बोचे पैसे मोजले, आणि माझाच जुना टर्बो धुऊन-पुसून परत बसवून मिळाला. हे कसं जुळवून आणलं ते सविस्तर लिहितोय, कारण टर्बो उतरवेपर्यंत त्या गॅरेजवाल्याने मला दाखवलेली एकही गोष्ट खोटी नव्हती.

लक्षणं अशी: रिकामी गाडी झकास पळायची. माल भरून चढाला लागली की गिअर पाडावा लागायचा, मागे काळा धूर, आणि जोरात दाबलं की बॉनेटखालून फुस्स आवाज. मग इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून जपून चालायच्या अवस्थेत) जायची. बंद करून चालू केली की थोडा वेळ पुन्हा बरी.

स्कॅनर लावल्यावर कोड आला पी०२९९. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा दादा, टर्बोचाच कोड आहे." कोड टर्बोबद्दल आहे हे खरंच, पण तो एवढंच सांगतो की इसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मिळाला नाही. टर्बो हवा कमी देतोय, दिलेली हवा वाटेत गळतेय, व्हॅक्यूमची नळी फाटून टर्बो कमी-जास्त करणारा अॅक्च्युएटर हलत नाहीये, एअर फिल्टर तुंबलाय, नाहीतर सेन्सरच खोटं बोलतोय. यातलं काहीही असलं तरी हाच कोड येऊ शकतो.

पुढे लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे. गाडी जागेवर उभी, पॅडल न दाबता इंजिन आयडलला, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाते त्या नळीतला) दाब १०० किलोपास्कलच्या आसपास. "शंभराच्या वर जातच नाही. बूस्ट झिरो." आता हे बारकाईने समजून घ्या. हा सेन्सर वातावरणाचा दाब धरून मोजतो. समुद्रसपाटीला नुसत्या हवेचाच दाब १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे इंजिन न सुरू करता नुसती चावी फिरवली तरी साधारण हाच आकडा दिसतो. आणि आयडलला धडधाकट टर्बोसुद्धा नाव घेण्यासारखा बूस्ट देत नाही. बघायचं असतं ते भरल्या गाडीत, चढावर, पॅडल पूर्ण दाबून, आणि तेही इसीएमने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावून. तिथे चांगली गाडी २००च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जाते. हा माणूस गाडी घेऊन गॅरेजच्या फाटकाबाहेरही गेला नाही.

तिसरा पुरावा सगळ्यात पटणारा होता. टर्बोच्या तोंडाचा होज काढून त्याने आत बोट फिरवलं, बोटाला तेल. "तेल मारतोय." मग शाफ्ट (टर्बोचा मधला दांडा) चिमटीत धरून हलवला. "खेळतोय बघा, बेअरिंग संपलं." इंजिनच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची) तेलकट वाफ याच वाटेने जाते, त्यामुळे तिथे तेलाचा पातळ थर बहुतेक गाड्यांत सापडतो. तेल साचून वाहत असेल, सोबत निळा धूर असेल, तर काळजीचं. शाफ्टचंही तसंच. साध्या बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, म्हणून बंद असताना तो बाजूला किंचित हलणारच. तो आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती घराला घासत असतील, तर टर्बो गेला. माझ्या पात्यांच्या कडा स्वच्छ होत्या, एक ओरखडा नव्हता. त्याबद्दल साहेब काहीच बोलले नाहीत.

टर्बो 'बदलला'. जुना एक्स्चेंजमध्ये जमा करावा लागतो म्हणून हातात दिला नाही. काही दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच रडगाणं. आता निदान काय, तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे)! "नवा टर्बो आला ना, की जुने इंजेक्टर उघडे पडतात दादा." चारही बदला म्हणाला, आणि ऑर्डरसाठी अॅडव्हान्स घेतला. इंजेक्टर तपासायची रीत अगदी साधी आहे. परतीच्या नळ्या काढून प्रत्येकाचं डिझेल वेगळ्या बाटलीत घ्यायचं, इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवायचं आणि कोणती बाटली बाकीच्यांपेक्षा फार भरते ते बघायचं. ती चाचणी मी मागितली तर म्हणाला, गरज नाही, अनुभवाने कळतं. (चाचणी करणाऱ्याकडूनच करून घ्या. चालू इंजिनात जाड स्टीलच्या हाय-प्रेशर पाइपला हात लावू नका. त्यातला दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते.)

तिथून गाडी सरळ दुसऱ्याकडे नेली. त्या मिस्त्रीने स्कॅनर नंतर लावला, आधी इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजखालून हात फिरवला. क्लिपजवळ तेल आणि धुळीचा ओला चिकटा होता. होजची तोंडं बंद करून त्याने रेग्युलेटरने बेताची हवा सोडली आणि साबणाचं पाणी मारलं. क्लिपच्या कडेला बुडबुड्यांचा फेस आला. होजला खालून उभी चीर होती. दाब नसताना तिचे ओठ मिटलेले, दाब आला की उघडायचे. म्हणूनच रिकाम्या गाडीत काही जाणवत नव्हतं. मोजून आत घेतलेली हवा वाटेतच जायची, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडायचं, म्हणून काळा धूर. पहिल्या गॅरेजात टर्बो बसवताना क्लिप आवळली गेली असणार, आणि तेवढ्यावर काही दिवस निभावलं.

अशी गळती दुर्लक्षून चालत नाही हेही त्यानेच सांगितलं. बूस्ट भरून काढायला इसीएम टर्बोला आणखी जोरात पळवतो आणि मग चांगला टर्बो खरोखरच जातो.

होज बदलला, रस्त्यावर नेऊन पाहिलं, दोन्ही आकडे जुळले. परत आल्यावर मिस्त्री टर्बोकडे बघून हसला. "हा नवा?" वरून चंदेरी स्प्रे मारलेला, खाचांत जुनी काजळी तशीच. टर्बोवरच्या नंबरपट्टीचा रंग खरवडला. बाजारात भाव विचारायला मी टर्बो बदलायच्या आधीच त्या पट्टीचा फोटो काढून ठेवला होता. सिरीयल नंबर तोच.

फोटो आणि बिल घेऊन पहिल्या गॅरेजवर गेलो. बिलावर 'टर्बो नवीन' एवढंच, नंबर नाही. आधी आवाज चढला, मग "पोराच्या हातून अदलाबदल झाली असेल" झालं, आणि चार गिऱ्हाईकं उभी होती म्हणून टर्बोचे पैसे परत आले. मजुरी नाही. इंजेक्टरचा अॅडव्हान्सही नाही, कारण ऑर्डर म्हणे आधीच गेली होती.